जेर्लांदो काकांची साखर

त्या माणसाने आत येताना टोपी काढली, पण हातमोजे काही काढले नाहीत. ऑगस्टचा महिना होता, स्वयंपाकघरात भट्टी पेटलेली होती, माझ्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि हा तपकिरी कातड्याचे हातमोजे घालून आमच्या टेबलापाशी ऐसपैस बसला.

“कॉफी घेणार?” मी विचारलं. दारात आलेल्या माणसाला दुसरं काय विचारणार?

“घेतो की. साखर जरा जास्तच घाला. साखरेचंच बोलायला आलोय.”

आमच्या घरात साखर यायची ती फक्त जेर्लांदो काकांची. आमच्याच काय, क्लीव्हलंडच्या त्या अख्ख्या वस्तीत दुसऱ्या कुणाची साखर यायची नाही. दारूबंदी आल्यापासून काका घरोघर मक्याच्या साखरेची पोती पोचवायचे, तांब्याचं भांडं आणि नळी द्यायचे, आणि आम्ही बायका रसायन आंबवून, मंद आचेवर दारू गाळून त्यांचे पत्र्याचे डबे भरून ठेवायचो. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांच्या कपड्यांना एकच वास यायचा. त्याच्यापुढे धूपसुद्धा हरायचा.

माझ्या नवऱ्याचा, सारोचा हात कारखान्यातल्या यंत्रात सापडला तेव्हा आमच्याकडे भट्टी आली. उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि कारखान्याने त्याला घरी बसवलं. आमची पीना तेव्हा नुकतीच झाली होती. जेर्लांदो काका स्वतः आले, तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, “हिचा धर्मपिता मी.” बाप्तिस्मा झाला, तिच्या गळ्यात सोन्याची साखळी पडली, आणि त्या साखळीच्या पाठोपाठ तांब्याचं भांडं घरात आलं. नाही म्हणायला जागाच कुठे होती?

हातमोजेवाल्याने कॉफी संपवली. “सोमवारपासून साखर आमची,” तो म्हणाला. “स्वस्त देऊ. माल पण आम्हीच उचलू.”

“आणि जेर्लांदो काका?”

“त्यांचं वय झालं आता. तुम्ही कशाला काळजी करता?” तो उठला, भट्टीपाशी गेला, वाकला आणि गॅसची चावी हळूच फिरवली. आच मोठी झाली. भांडं गुरगुरायला लागलं, झाकणापाशी लावलेल्या कणकेच्या लेपातून वाफ फुसफुसली. पीना त्याच खोलीत पाळण्यात झोपलेली होती. मागच्याच वर्षी पलीकडच्या गल्लीत अशीच एक भट्टी फुटली होती आणि त्या घरातून काय काय बाहेर काढलं ते मी खिडकीतून पाहिलं होतं. मी पाळण्यापुढे जाऊन उभी राहिले.

तो भांड्याकडे कान देऊन ऐकत राहिला. मग चावी पुन्हा होती तिथे आणली.

“जपून असा वहिनी,” तो म्हणाला. “आणि मी आलो होतो हे जेर्लांदोंना सांगायचं नाही. तुम्ही शहाण्या दिसता.”

तो जिन्याने खाली गेला. खालच्या मजल्यावर सान्ता राहायची. तिचा नवरा रेल्वेच्या रुळांवर कामाला, महिना महिना घराबाहेर. सान्ताचं दार वाजलेलं मी ऐकलं. उघडलेलंही ऐकलं.

सारो घरी आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. त्याने आधी दार लावून घेतलं.

“तोंडातून एक शब्द काढायचा नाही,” तो म्हणाला. “ही मोठ्यांची भांडणं आहेत. आपण सांगितलं की तो हातमोजेवाला आपल्याला सोडायचा नाही.”

“आणि नाही सांगितलं, आणि काकांना काही झालं तर?”

“तर आपल्याला काही माहीत नव्हतं.”

सासूबाई कोपऱ्यात बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होत्या. गल्लीत त्यांना सगळे नेद्दा मावशी म्हणायचे. त्यांनी मान वर न करता म्हटलं, “तो जेर्लांदोचाच माणूस असेल.”

“काहीतरीच काय आई!”

“काहीतरी नाही. मायदेशी, गावी, आपल्या जमीनदाराचा कारभारी हेच करायचा. रात्रीच्या राखणदाराकडे अनोळखी माणूस पाठवायचा, गहू विकतोस का विचारायला. राखणदाराने दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं तर ठीक. नाही सांगितलं तर…” त्यांनी एक शेंग मधोमध मोडली. “तुझ्या बापाचा चुलतभाऊ सांगायला गेला नव्हता. आठवतं ना तुला, सारो?”

सारोला आठवत होतं.

आता बसा विचार करत. तो माणूस खरा असेल तर सांगण्यात मरण, आणि काकांनी पाठवलेला असेल तर न सांगण्यात मरण. पोलिसाकडे जावं म्हणाल, तर आमच्या गल्लीतला पोलीस दर आठवड्याला आमच्याच जिन्याखालून आपला डबा उचलून न्यायचा.

दुसऱ्या दिवशी पावाच्या दुकानात मला सान्ता भेटली. एरवी ती भेटली की गप्पांना खळ नसायचा. त्या दिवशी तिने पाव घेतला, सुटे पैसे हातातून दोनदा पडले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “फार उकडतंय नाही?”

“फार,” मी म्हटलं.

दुकानातल्या बाकीच्या बायकाही उकाड्याबद्दलच बोलत होत्या. एकमेकींच्या तोंडाकडे कुणी बघत नव्हतं. तेव्हा मला कळलं की हातमोजेवाला घरोघर जाऊन आला आहे.

शनिवारी जेर्लांदो काका आले. साखर द्यायला आणि डबे न्यायला नेहमी मीको यायचा. मीको त्यांचा माणूस, तिशीतला, अबोल, पोती खांद्यावर घेऊन दोन मजले न थांबता चढायचा. त्या दिवशी काका पुढे आणि मीको मागे. काकांनी पीनाचा पापा घेतला, सासूबाईंच्या हाताला हात लावला आणि टेबलापाशी बसत म्हणाले, “पोरी, काय शिजवलंयस? वास जिन्यापर्यंत येतोय.”

मी वांग्याची आंबटगोड भाजी आणि पाव पुढे ठेवला. मीको दारापाशी उभा राहिला. काका सावकाश जेवत होते. म्हातारे होते, मिशा पांढऱ्या, पोटावर रुमाल पसरून बसले होते. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, काय प्रेमळ आजोबा आहेत.

“मग? काही नवीन?” त्यांनी विचारलं.

“काही नाही काका,” सारो म्हणाला. फार पटकन म्हणाला. “सगळं ठीक चाललंय.”

काकांनी पावाच्या तुकड्याने बशी पुसायला सुरुवात केली. पुसतच राहिले. बशी स्वच्छ झाली तरी पुसत होते. सासूबाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला आणि दाबून धरला. मी मीकोकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा असा झाला होता की सासूबाईंचंच खरं होतं हे मला एकदम समजलं.

“एक माणूस आला होता काका,” मी म्हटलं. “ह्याला माहीत नाही. मी ह्याला सांगितलंच नाही.”

सारोची मान खाली गेली. काकांनी पाव खाली ठेवला.

“नवऱ्याला नाही सांगितलंस?”

“घाबरले होते. हा तापट आहे, त्या माणसाच्या मागे धावला असता. म्हटलं, तुम्ही याल तेव्हा तुम्हालाच सांगेन.”

आयुष्यात सारो कधी कुणाच्या मागे धावला नव्हता. काका त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या.

“तपकिरी हातमोजे होते?”

“हो.”

“माझ्या साडूचा भाऊ आहे तो. बफेलोहून बोलावून घेतला.” ते हसले, मला जवळ बोलावलं आणि माझ्या कपाळावर ओठ टेकवले. त्यांच्या मिशांना लसणाचा वास येत होता. “शाबास पोरी. आपली माणसं कोण ते बघायला लागतं अधूनमधून.”

वाटलं, सुटलो. तेवढ्यात ते म्हणाले, “कोपऱ्यावरच्या तानो न्हाव्याने नाही सांगितलं मला. आणि खाली सान्ता. परवा तिला विचारलं, तर म्हणे कुणी आलंच नाही. तुला तर इथे वर ऐकू आलं असेल, तिच्याकडे गेला होता ना तो?”

सान्ताने पीनाच्या जन्माच्या वेळी दोन रात्री माझे पाय चेपले होते. पण खरं सांगते, त्या क्षणी मला तिच्या उपकाराची आठवण वगैरे झाली नाही. मला फक्त दिसलं की मी हो म्हटलं तर हा माणूस माझ्या हातची भाजी खाऊन उठेल, जिना उतरेल आणि तिचं दार वाजवेल, आणि ते मला इथे वर ऐकू येईल.

“गेला होता,” मी म्हटलं. “सान्तानेच मला सांगितलं काका. ती म्हणाली, नुन्झिया, तुझ्या मुलीचे धर्मपिता आहेत ते, आपल्या दोघींच्या वतीने तूच बोल. मला मोठ्या माणसांपुढे शब्द सुचत नाही. तुम्ही अचानक विचारल्यावर तिची बोबडी वळली असेल. घरात एकटी बाई आहे हो.”

“म्हणजे दोघींत मिळून एकच तोंड?”

“हो काका.”

भट्टीची नळी डब्यात ठिबकत होती.

“बरं,” ते शेवटी म्हणाले. “मग ते तोंड आता माझ्यासाठी उघडं राहू दे. गल्लीत कुणाकडे कोण येतं, कुणाच्या घरी कुठलं पोतं उतरतं, तुला सगळं कळतं. दर शनिवारी मी येत जाईन जेवायला. तू मला सांगत जा.”

त्यांनी रुमाल घडी करून टेबलावर ठेवला आणि उठले. जाताना मीकोने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही.

त्यानंतर न्हाव्याचं दुकान उघडलं नाही. मीको म्हणाला, तानो गावी गेला. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. तानोच्या बायकोने मात्र दुखवट्याचे काळे कपडे घातले होते, आणि तिला कुणी विचारलं नाही की नवरा गावी गेला तर तू काळं का घातलंस.

सान्ताला मी जिन्यात गाठलं आणि कानात सांगितलं, “तू मला सांगितलं होतंस. मी काकांना सांगावं म्हणून. लक्षात ठेव.” तिने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

मला झोप लागेना. शनिवार येणार होता. शनिवारी मला कुणाचं तरी नाव द्यावं लागणार होतं. काही नाही म्हणून सांगितलं तर काका पुन्हा बशी पुसत बसणार. गल्लीत बायका मला बघून गप्प व्हायला लागल्या होत्या; काका आमच्याकडे जेवून गेले हे सगळ्यांना कळलं होतं. कुणी पाण्याला आली तरी मी विचार करायची, ही आता काय बोलेल, आणि ते मला सांगावं लागेल का?

“जाऊया इथून,” मी सारोला म्हटलं.

“वेडी झालीस? कुठे जाणार? तो शोधून काढेल.”

“माझा भाऊ आहे फ्रेडोनियाला. द्राक्षाच्या मळ्यात काम मिळतं. सात बोटांनीही द्राक्षं तोडता येतात.”

“आणि सामान घेऊन उतरलो की? गल्ली बघणार नाही?”

“सामान घ्यायचंच नाही,” सासूबाई म्हणाल्या. सगळ्यात आधी त्या तयार झाल्या, त्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. “बाप्तिस्म्याला चाललोय म्हणायचं. बाप्तिस्म्याला कुणी गाद्या घेऊन जातं का?”

मीको साखर घेऊन आला तेव्हा मी त्याला सांगितलं की भावाला मुलगा झालाय, शुक्रवारी निघून मंगळवारी परत येऊ. भावाला कसला मुलगा, त्याचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. मीको पोतं खाली ठेवून कपाळ पुसत होता.

“शनिवारी काका जेवायला येणारेत,” तो म्हणाला.

“बाप्तिस्मा आहे रे भाऊ. काकांनाच कळेल त्याचं महत्त्व.”

“भट्टी?”

“विझवून जाते. किल्ली सान्ताकडे.”

त्याने मान हलवली. होकार होता की नकार, कळलं नाही. पण शुक्रवारपर्यंत कुणी आलं नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. एक टोपली, तीत पाव, चीज आणि पीनाचे कपडे. सान्ताला किल्ली दिली. तिने पीनाला कुशीत घेतलं आणि सोडेच ना. “मंगळवारी येतो गं,” मी मोठ्याने म्हटलं, कारण समोरच्या खिडकीत कुणीतरी उभं होतं. “हो हो, मंगळवारी,” ती म्हणाली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

सासूबाई खाली उतरल्या. त्या दुप्पट झाल्या होत्या. आपले तिन्ही झगे त्यांनी एकावर एक चढवले होते, वर हिवाळ्यातली शाल.

“आई, हे काय!”

“माझं लग्नातलं रेशीम मी त्या मेल्याला ठेवू का?” त्या कुजबुजल्या.

परत फिरणं शक्य नव्हतं. आम्ही ट्रामच्या थांब्यापर्यंत आलो, आणि तिथे खांबाला टेकून मीको उभा होता.

मीको पुढे आला. त्याने आधी टोपलीकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. त्यांच्या हनुवटीवरून घाम टपकत होता, आणि खालच्या झग्याची निळी कड वरच्याखालून डोकावत होती. तो त्या कडेकडे बघत राहिला.

“मावशी, उकडत नाही का?”

“म्हातारपणी थंडी वाजते बाळा,” सासूबाई म्हणाल्या.

“ऑगस्टमध्ये?”

“हाडांना महिना कळत नाही.”

मीकोने माझ्या हातातून टोपली घेतली. “चला. स्टेशनपर्यंत सोडतो.”

ट्राममध्ये तो आमच्यासमोर बसला. मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होते आणि मीकोला शिव्या घालत होते, दोन्ही एकाच वेळी. वाटत होतं, आता पुढच्या थांब्यावर काळी गाडी उभी असेल. मग त्याच्या पुढच्या. पीना रडायला लागली. मी तिला इतकं घट्ट धरलं होतं की तिला श्वास घेता येत नव्हता. स्टेशनवर मीको आमच्या बाकाशेजारी उभा राहिला. मध्येच “आलो” म्हणून गेला. सारो पुटपुटला, “टेलिफोन करायला गेला. संपलं सगळं.” मला उठून पळायचं होतं, पण तीन झग्यांमधली सासू आणि कडेवरची पोर घेऊन कुठे पळणार?

तो परत आला तो कागदी पेल्यात बर्फ घेऊन. सासूबाईंच्या हातात दिला. “कपाळाला लावा.”

गाडी आली. त्याने टोपली आत चढवली, सासूबाईंना दंडाला धरून वर घेतलं. गाडी हलली तसा तो खिडकीपाशी आला आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, “मंगळवारी मी इथेच घ्यायला येईन वहिनी.”

ती धमकीच वाटली मला.

मंगळवारी आम्ही फ्रेडोनियाला माझ्या भावाच्या खोलीत दाराला खुर्ची लावून बसलो होतो. दुपारी बाहेर मोटार थांबल्याचा आवाज आला, आणि सारोने कुऱ्हाड उचलली. मळ्याच्या मालकाचा हिशेबनीस होता. कामाला माणसं हवीत म्हणून सांगायला आला होता. सारोने कुऱ्हाड पाठीमागे लपवली आणि त्याच्याशी बोलताना त्याचे दात वाजत होते. त्याच आठवड्यात आम्ही मळ्यात कामाला लागलो. त्यानंतरही कितीतरी मंगळवार मी द्राक्षाच्या ओळींतून मान वर काढून रस्त्याकडे बघायची. कुणीच आलं नाही.

का आलं नाही, ते कळायला वर्षं लागली. दारूबंदी उठल्यावर सान्ता आणि तिचा नवरा आमच्या भेटीला आले. अंगणात बसून तिने सांगितलं. त्या मंगळवारी मीको खरंच स्टेशनवर गेला होता, सगळ्यांना दिसेल असा. परत येऊन त्याने काकांना सांगितलं की म्हातारी तिकडे आजारी पडली, पोरं अडकली, मला निरोप आलाय. पुढच्या आठवड्यात म्हणाला, अजून तशीच आहे. कुठल्या गावी आहेत असं काकांनी विचारलं, तेव्हा त्याने भलत्याच दिशेच्या, पिट्सबर्गजवळच्या कुठल्याशा गावाचं नाव सांगितलं. असं तो पानगळ संपेपर्यंत सांगत राहिला. मग काकांवर खरोखरच दुसरे साखरवाले चालून आले आणि आमची आठवण काढायला त्यांना उसंत राहिली नाही. हिवाळ्यात पत्ते खेळताना त्यांना कुणीतरी गोळ्या घातल्या. मीको नेहमीसारखा दारापाशी उभा होता. तोही गेला.

“त्याने तुला कधी सांगितलं हे?” मी सान्ताला विचारलं.

“सांगितलं नाही. माझ्यासमोर काकांना सांगायचा, आणि वर मलाच विचारायचा, ‘हो ना सान्ता, म्हातारी आजारी आहे ना?’ मी म्हणायची, हो, फार आजारी आहे.”

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, ठणठणीत. त्यांनी हातातलं भरतकाम खाली ठेवलं.

“त्याची आई कुठल्या गावची, कुणाला माहीत आहे का?” त्यांनी विचारलं.

आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्याचं आडनावसुद्धा आम्ही कधी विचारलं नव्हतं.